पडद्याआडचा मुआइना

दाना ओली, लष्कर
१२ नोव्हेंबर १९२९

चि. दुर्गा हिला माधवदादाचे आशीर्वाद, आणि त्याच्याही आधी शाबासकी.

छोट्या लाइनच्या गाडीने हाडं खिळखिळी करून घेत काल घरी पोहोचलो. तुझ्या वहिनीने पायांवर पाणी घालायच्या आधीच विचारलं, दुर्गा कशी आहे? म्हटलं, मावशीची पोर आता हेडमिस्ट्रेस आहे, माझ्याशीसुद्धा 'साहेब, साहेब' करून बोलते. चारचौघांत नातं दाखवलं नाहीस ते बरं केलंस. इन्स्पेक्टरने मावसबहिणीच्या शाळेचा मुआइना केला असं ऑफिसात कळलं, तर लोक तपासणी सोडून नातंच तपासत बसतील.

खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो होतो. ठाकूरसाहेबांच्या हवेलीच्या बाहेरच्या चौकात तुझी शाळा, मधे बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा, अलीकडे खुर्चीवर मी, पलीकडे तू आणि तुझ्या मुली. मुलींच्या शाळेचा मुआइना पुरुषाने करायचा तो असाच, पाहायचं काही नाही, नुसतं ऐकायचं. आणि तुझ्याकडे ऐकायलाच काही येईना. पाढे विचारले, गप्प. नद्या विचारल्या, गप्प. पुस्तक वाचा म्हटलं तर एकजण मुसमुसायला लागली. मनात आलं, गेली दुर्गेची शाळा.

आणि मग तो आवाज आला. चौथीच्या पुस्तकातला चंबळेच्या पुराचा धडा. अडखळणं नाही, घाई नाही. पाणी चढतं तिथे आवाज चढला, आणि गाव रिकामं होतं तिथे इतका हळू झाला की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. कोणी वाचलं म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, "केसर, साहेब. चौथीतली." मी अहवालात त्या मुलीवर अख्खा परिच्छेद लिहिला आहे.

डिसेंबरात इथे लष्करात, फूलबागेच्या हॉलमध्ये सगळ्या रियासतीतल्या इन्स्पेक्टरांची सभा भरते आहे. मुलींच्या शाळांचा दर्जा काय असावा, नियम काय असावेत, याचा खल होणार. आमचे लक्ष्मीकांतपंत म्हणतात, कसब्यांतल्या मुलींच्या शाळा म्हणजे निव्वळ दिखावा, टाळं ठोका. मी तिथे उभा राहून केसरचं नाव घेणार आहे. बघू पंत मग काय बोलतात ते.

तुझा,
माधवदादा

——

खेरागढी, तवरघार
१९ नोव्हेंबर १९२९

ती. माधवदादांच्या पायांशी दुर्गेचा नमस्कार.

वहिनींना सांगा, मी वेळेवर जेवते, आणि चोळी उसवली की दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी शिवते. त्यांनी काळजी करू नये.

तुमचं पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता. दादा, एक विनंती आहे. तो परिच्छेद काढून टाका. अहवाल अजून वर गेला नसेल तर पान बदला. आणि सभेत केसरचं नाव घेऊ नका. मुलगी लाजरी आहे, तिच्या घरची माणसं हळवी आहेत, चारचौघांत नाव निघालेलं त्यांना खपायचं नाही. शाळेबद्दल जे बोलायचं ते सगळ्या मुलींचं मिळून बोला. एकीच्या नावावर शाळा उभी करू नका.

ठाकूरसाहेबांनी शाळेला जागा दिली हे त्यांचे उपकार आहेतच. पण तुम्ही त्यांना एक दिवस भेटलात, मी रोज त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. त्यांचा धाकटा भाऊ याच अंगणात राहतो. तो एकदा बिरादरीत यांच्यावर हसला होता. तेव्हापासून ठाकूरसाहेब त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणून घरातलं कुणीच बोलत नाही. तो माणूस अंगणातून जातो तेव्हा बायका-पोरं त्याच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. आता तो एकटाच पुटपुटत हिंडतो. मारझोड करणाऱ्या माणसाची मला इतकी भीती वाटली नसती.

हे का लिहिलं म्हणून विचारू नका. हात जोडते, नाव घेऊ नका.

तुमची,
दुर्गा

——

लष्कर
३ डिसेंबर १९२९

चि. दुर्गेस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं तेव्हा अहवाल वर जाऊन चुकला होता. आणि विनय बरा असतो गं, पण इतका नाही. शिक्षिकेनेच मुलगी लपवायची म्हटलं तर बाकीच्यांनी काय करावं?

सभेची पहिली बैठक काल झाली. लांब टेबल, वर हिरवं कापड, सगळ्या जिल्ह्यांचे इन्स्पेक्टर फेटे बांधून. आधी हजेरीचा नियम झाला, मग सर्टिफिकेट नसलेल्या शिक्षिकांचा. मग पडद्याचा विषय निघाला आणि लक्ष्मीकांतपंत उठले. म्हणाले, "पडद्यामागे शेळी उभी केली तरी आमचे माधवराव तिला चौथी पास करतील." जो तो हसला. डायरेक्टरसाहेबसुद्धा मिशीत हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठलो आणि केसरबद्दल बोललो, तो पूर, ते रिकामं गाव, सगळं. मी बोललो तसा जन्मात बोललो नसेन.

तर पंत शांतपणे विचारतात, "त्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस आपल्या कोण?" कुठून कळलं कोण जाणे. मावसबहीण, म्हटलं. खोटं कसं बोलू? मग कुजबूज सुरू झाली. शेवटी डायरेक्टरसाहेबांनी हुकूम केला की त्या मुलीला लष्करात आणा, सोळा तारखेच्या बैठकीत चिकाआडून वाचू दे, धडा पंत सांगतील, आम्ही सगळे ऐकू. आणि शाळेला आश्रय देणारे म्हणून ठाकूरसाहेबांचा सत्कार करायचा, त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची. निमंत्रणाचा स्वार निघालाही.

आणखी एक. मुलींची शाळा कुणाच्या खाजगी घरात नसावी, तिला स्वतंत्र इमारत असावी, हा ठराव मी मांडला आणि तो मंजूर झाला. त्या हवेलीच्या भिंतीला भिंत लावून राहायचा तुला त्रास आहे ना, तो आता संपेल. केसरला चांगली तयार करून आण.

माधवदादा

——

खेरागढी
६ डिसेंबर

माधवदादा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. शाळेची दाई, मुलींना घरून ने-आण करणारी, लेकीकडे लष्करात निघाली आहे, तिच्या हाती देते. वाचून झालं की चुलीत घाला, वहिनींनाही दाखवू नका.

केसर नावाची मुलगी माझ्या शाळेत नाही.

तुम्ही ऐकलात तो आवाज ठाकूरसाहेबांच्या बायकोचा. ही दुसरी, माझ्याहून लहान. भदावरकडची म्हणून सगळी हवेली तिला भदावरवाली म्हणते, नाव कुणी घेत नाही. हवेलीचं आतलं एक दार आमच्या चौकात उघडतं. दुपारी ठाकूरसाहेब आडवे झाले की ती त्या दाराने येते आणि खांबाआड मुलींच्या मागे बसते. आली तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हतं. मुलींना ती कोण हे ठाऊक आहे, पण पोरी शहाण्या आहेत, कुणी घरी बोललेली नाही. मला भीती वाटायची, तरी मी तिला कधी परत पाठवलं नाही. शिकवणाऱ्याला अशी एखादीच भेटते हो.

त्या दिवशी मुली बावरून गेल्या. तुम्ही खुर्चीवर बसल्या बसल्या पुटपुटलात, "ही शाळा ठेवून काय करायची?" तुम्हाला वाटलं असेल कुणी ऐकलं नाही. पडद्यामागे सगळ्यांनी ऐकलं. मी काही करायच्या आत तिने शेजारच्या पोरीच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि वाचायला लागली. शाळा वाचावी म्हणून वाचली. तुम्ही नाव विचारलंत आणि माझ्या तोंडाला जे आलं ते मी सांगितलं.

दादा, या घरात आवाजालाही पडदा असतो. तिच्या दिरांनी तिचा आवाज ऐकलेला नाही. आणि तुम्ही, एक परका पुरुष, खुर्ची पुढे ओढून ऐकलात, आणि वर भरसभेत त्याचं कौतुक केलंत. आता ठाकूरसाहेब पुढच्या रांगेत बसणार. ती वाचायला येऊच शकत नाही, आणि दुसरी मुलगी उभी केली तर ती रडेल. मग पंत विचारतील, खरी कुठे आहे? ठाकूरसाहेबही विचारतील, आमच्या चौकात वाचली ती कोण?

माझी नोकरी जाईल, शाळा जाईल, ते मी सोसेन. त्या मुलीचं काय करतील ते मला डोळ्यांपुढे आणवत नाही. काहीतरी करा.

दुर्गा

——

लष्कर
९ डिसेंबर

दुर्गे,

पत्र जाळलं. घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

काल दिवसभर ऑफिसात बसून होतो, एक कागद पुढे सरकला नाही. शिपायाने येऊन "तबीयत तो ठीक है?" म्हणून विचारलं तरी दचकलो. सभा पुढे ढकलता येईल का ते पाहिलं, येत नाही. मुलगी आजारी आहे असं कळवावं म्हटलं, तर पंत म्हणाले, "मग आपणच सगळे खेरागढीला जाऊ, हवापालट होईल." ते आले तर हवेलीत दहा दारं उघडतील. ते नको.

एकच वाट दिसते. तू वाच. चिकामागे मुलींना घेऊन तू बसणारच आहेस. केसर म्हणून तूच वाच. आवाज बारीक कर, चुलीपुढे बसून सवय कर. पंत एखादा अवघड उतारा काढतील, एक-दोन ठिकाणी अडखळ, चौथीतली मुलगी अडखळते. चंबळेचा धडा मात्र आला तर देवावर भरवसा, मी केलेलं त्याचं वर्णन सगळ्यांच्या कानांत आहे.

उघडकीला आलं तर माझी पेन्शन गेलीच समज, पण ते आता मनातसुद्धा येत नाही. तिला सांग, त्या दिवसापर्यंत दाराशी फिरकू नकोस. मला तिचा चेहरा ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही, आणि सारखं वाटतं की मी तिच्या गळ्यावर पाय ठेवून उभा आहे.

माधवदादा

——

लष्कर
१७ डिसेंबर १९२९

दुर्गे,

तू मुलींना घेऊन पहाटेच्या गाडीने गेलीस, मला तुझ्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र मागोमाग पाठवतो आहे. घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण लिहीत नाही.

तू वाचलंस ते उत्तम वाचलंस. मी खुर्चीत बसून मांडीखाली हात दाबून धरले होते. पंतांनी पाटबंधाऱ्याच्या अहवालातला तो भयंकर उतारा काढला तेव्हा मला वाटलं तू संपलीस, पण तू बरोबर दोनदा अडखळलीस. टाळ्या झाल्या. डायरेक्टरसाहेबांनी बक्षीस जाहीर केलं. पंत माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, "मुलगी फारच तयार आहे माधवराव, अगदी शिक्षिकेइतकी." एवढं बोलून पान खायला निघून गेले. त्यांना कळलं आहे असं मला वाटतं. पण ते आता बोलणार नाहीत. शाळा वाचली की बुडली यात त्यांना रस नव्हता, सभेत माझ्यावर हसायचं होतं, ते हसून झालं.

ठाकूरसाहेबांनी हार घालून घेतला, शाल घेतली, सगळ्यांना नमस्कार केला. मग बग्गीत चढताना मला जवळ बोलावलं. आवाज अगदी नरम होता. म्हणाले, "इन्स्पेक्टर साहब, यह वह आवाज़ नहीं है।"

मी म्हटलं, कोणता आवाज? तर म्हणाले, "जिस दिन आप आए थे, हम ऊपर छत पर थे।"

दुर्गे, त्या माणसाने त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. त्याही आधीपासून त्यांना ठाऊक होतं, ती दुपारी कुठे जाते ते. मी काहीतरी बोलायला लागलो, कौतुकाचं, माफीचं, काय ते मलाच आठवत नाही. त्यांनी हात वर केला. "घर की बात घर में थी, हमने आँख मूँद रखी थी। आपने उसे सभा में रख दिया। अब हमें कुछ करना पड़ेगा।" एवढं सांगून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोरल्या भावाने ठेवावा तसा, आणि बग्गी गेली.

ते चार दिवस इथेच त्यांच्या मेहुण्याकडे आहेत. तेवढ्यात तिला तिच्या माहेरी पाठवता आलं तर बघ. काहीही कारण काढ.

माधवदादा

——

खेरागढी
५ जानेवारी १९३०

माधवदादांस नमस्कार.

तुमचं पत्र मला मिळालं त्याच दिवशी ठाकूरसाहेबही आले. चार दिवस वगैरे काही थांबले नाहीत.

मी दोन दिवस शाळेत उभी राहून शिकवलं, बसवतच नव्हतं. वाटायचं, आता ओरडा ऐकू येईल, आता कुणीतरी रडेल. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ठाकूरसाहेब स्वतः चौकाच्या तोंडाशी आले, तोंड फिरवून उभे राहिले, रीत सोडली नाही, आणि म्हणाले, "बहनजी, सरकारचा नवा कायदा झाला आहे, शाळा खाजगी घरात नको. आम्ही कायदा मानणारी माणसं. गावाबाहेरची आमची कोठी शाळेला दिली." तुमच्या ठरावाची नक्कल त्यांच्या हातात होती.

आठवड्यात सामान हललं. मुली खूश आहेत, तिथे चिंचेचं झाड आहे. पाट्या उचलत होतो तेव्हा गवंडी आले आणि आमच्या डोळ्यांदेखत आतलं दार चिणून टाकलं. वरून चुना मारला. आता तिथे दार होतं हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही.

मी राहते त्याच खोलीत आहे, हवेलीमागच्या बोळात. दाई आत जाते-येते. तिला मी विचारलं. म्हणाली, "भदावरवाली ने मौन लिया है।" कशासाठी, तर घराच्या कल्याणासाठी. कधीपर्यंत, तर ठाकूरसाहेब म्हणतील तोपर्यंत. हे व्रत तिने घेतलं नाही, तिच्या अंगावर घातलं आहे, हे दाईलाही कळतं. आणि ती बोलायची नाही म्हणून तिच्याशीही कुणी बोलत नाही. ताट समोर ठेवतात, उचलतात. दाई म्हणाली, परवा ती जात्यापाशी बसून ओठ हलवत होती, आवाज न काढता. मी बुआजींना, म्हणजे ठाकूरसाहेबांच्या विधवा आत्याला, भेटायला म्हणून गेले होते, तर दारातूनच परत पाठवलं.

दादा, तो धाकटा भाऊ मला रोज खिडकीतून दिसतो. भिंतीशी बोलतो आणि भिंतीचं उत्तरही स्वतःच देतो. तिचं असं व्हायला किती दिवस लागतील? मारलं असतं तर कुणाकडे तरी दाद मागता आली असती. मौनाविरुद्ध दाद कुठे मागायची?

दुर्गा

——

लष्कर
१४ जानेवारी

दुर्गे,

संक्रांतीचा तिळगूळ वहिनीने दिला आहे. मला गोड लागत नाही, तू खा.

ठराव माझाच. मी स्वतः तो मसुदा केला, शब्द घासूनपुसून घेतले, वर मंजूर झाला म्हणून घरी पेढे आणले. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. मी इन्स्पेक्टर आहे. तुझ्या नव्या कोठीचं छप्पर मी तपासू शकतो, पाण्याची घागर झाकलेली आहे का हे विचारू शकतो, मुलींच्या उवांबद्दलसुद्धा लिहू शकतो. पण हवेलीत जाऊन ठाकूरसाहेबांना 'आपली बायको कशी आहे' असं मी विचारलं, तर ते तिच्याच अंगावर येईल. एवढं मला आता कळायला लागलं आहे.

वकिलांना विचारलं, नाव न घेता. ते म्हणाले, व्रत हा धर्माचा भाग आहे, दरबार त्यात पडायचा नाही.

म्हणून तुझ्यापुरतं पाहतो. इथल्या गोरखीच्या शाळेत एक जागा रिकामी होते आहे, तिथे तुझी बदली करून घेतो. पंतांनीच सुचवलं, त्यांच्या मनात काय आहे देव जाणे. इथे दाना ओलीत आमच्याकडे राहा. तू तिथे एकटी, आणि तो माणूस भिंतीपलीकडे, हे मला सहन होत नाही. अर्ज पाठव, उरलेलं मी बघतो. तिच्यासाठी आपल्याला काही करता येणार नाही, दुर्गे. आपण जे केलं तेच पुष्कळ झालं.

माधवदादा

——

खेरागढी
४ फेब्रुवारी १९३०

ती. माधवदादांस,

बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. आज सकाळपर्यंत पाठवणार होते. भ्याले होते म्हणूनच, दुसरं कारण नाही.

हवेलीत माघात रोज दुपारी पोथी वाचतात. वाचणारे पंडितजी खोकल्याने अंथरुणाला खिळले, आणि दुसरं वाचता येणारं ब्राह्मण घर गावात नाही. बुआजींनी दाईच्या हाती निरोप पाठवला, बहनजी विधवा आहे, ब्राह्मण आहे, तिला बोलवा. मी विचार केला, निदान तिला पाहता येईल. गेले.

आतल्या दालनात बायका बसल्या होत्या. बाहेरच्या ओसरीवर चिकापलीकडे ठाकूरसाहेब लोडाला टेकून, रोज ऐकतात म्हणे. हुक्क्याची गुडगुड येत होती. ती कोपऱ्यात, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मनगटं अशी झाली आहेत की बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी नमस्कार केला, तिने केला नाही. माझ्याकडे पाहिलं की नाही तेही कळलं नाही.

मी वाचायला लागले. अर्धा अध्याय झाला असेल. मग मला जाणवलं की हुक्का थांबला आहे आणि तो माणूस माझा आवाज ऐकतो आहे, ओळखतो आहे, फूलबागेतला. पाणी प्यायले तरी शब्द फुटेना. तुम्हाला वाटेल मी मुद्दाम केलं. नाही हो. भीतीने वाचा गेली होती, नुसती हवा येत होती.

आता इथली रीत अशी की पोथीचा अध्याय मधेच सोडायचा नाही. सोडला तर घरावर संकट येतं, वंश बुडतो. बुआजी पांढऱ्याफटक पडल्या. "पूरा करो, बेटी, पूरा करो," असं म्हणत माझी पाठ चोळायला लागल्या. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. त्या घरात दुसऱ्या कुणालाही अक्षर येत नाही, ठाकूरसाहेबांनाही सहीपुरतंच. बुआजींनी चिकाकडे तोंड करून रडक्या आवाजात म्हटलं, "लल्ला, अध्याय अधूरा जाता है।"

कोपऱ्यातून ती उठली. कुणाला विचारलं नाही. माझ्या मांडीवरची पोथी उचलून आपल्यापुढे ठेवली, मी बोट ठेवलं होतं त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि वाचायला लागली. पहिले दोन शब्द खरखरले, गंजल्यासारखे. मग तोच आवाज, दादा. बायकांनी तोंडावर पदर धरले. तिच्या एका जावेने तो आवाज आज पहिल्यांदा ऐकला. मला फक्त चिक दिसत होता. तो हलला असता तर मी काय केलं असतं माहीत नाही. तो हलला नाही. अध्याय चालू असताना वाचणाऱ्याला थांबवणं हे सोडण्याहूनही मोठं पाप, हे त्यांनाही ठाऊक असणार.

अध्याय संपत आला तशी मी उरलेल्या ओळी मोजायला लागले. शेवटची ओळ झाली की पोथी मिटायची, आणि मग काय? तिलाही ते कळत होतं. शेवटची ओळ तिने वाचली, आणि श्वाससुद्धा न घेता पान उलटून पुढचा अध्याय सुरू केला.

बुआजी उठायला लागल्या होत्या त्या खाली बसल्या. तो अध्याय झाला, तिने तिसरा धरला. बाहेरून ठाकूरसाहेब एकदा खाकरले. ती थांबली नाही. गाईंची धार काढायची वेळ झाली, कुणी उठलं नाही. दिवे लागले. मला घेरी यायला लागली तेव्हा दाईने हाताला धरून मागच्या बोळातून खोलीवर आणलं, गरम दूध पाजलं. त्यालाही आता बराच वेळ झाला. मी खिडकीत बसून हे लिहिते आहे आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज अजून येतो आहे. ओसरीवरून ठाकूरसाहेब उठलेले नाहीत, दाई म्हणते, तसेच बसून आहेत.

पण घसा बसत चालला आहे तिचा. मघापासून ओळीच्या टोकाला आवाज तुटतो. पोथीची पानं बरीच आहेत, ती काही संपायची नाहीत, तिचा आवाज मात्र संपेल, आणि त्या वेळी तिच्या शेजारी वाचता येणारं कुणी हवं. माझा घसा दुधाने मोकळा झाला आहे, आत्ताच एक ओळ म्हणून पाहिली. भीती तशीच आहे, पण शब्द फुटतात.

बदलीचा अर्ज पाठवत नाही. दाई बाहेर कंदील घेऊन उभी आहे. तिच्या हाती पत्र देते आणि मी आत जाते.

दुर्गा